केसभर ढिलं

हऱ्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी खळ्यावर जवळा पसरत होते. अर्धा जवळा खाली पसरून झाला होता, अर्धा पाटीत होता. फोन माझ्या भावजयीचा, कुंदाचा. "बाय, हे गेले," एवढंच म्हणाली, पुढे तिच्याने बोलवेना. मी म्हटलं, येते. आणि पाटीतला जवळा पसरून, त्यावर जुनं जाळं घालून, चारी कोपऱ्यांवर धोंडे ठेवूनच निघाले. शेजारणीने मागाहून वाड्यात सांगितलं की सख्खा भाऊ गेला तरी ही मासळी वाळवत बसली. जवळा तसाच टाकून धावले असते तर कावळ्यांची चैन झाली असती आणि हऱ्या काही उठून बसला नसता, हे तिला सांगता आलं असतं. सांगितलं नाही. दमले होते. शेवटची काही वर्षं आम्ही सगळेच दमलो होतो, आणि सगळ्यात जास्त तो.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला. खाली लिहिलं होतं, 'हसतमुख, सर्वांच्या हाकेला धावून जाणारे'. कोणी लिहिलं कोण जाणे. माझा भाऊ हसतमुख नव्हता. हाकेला जायचा, पण आधी चार शिव्या घालून. माणूस मेला की त्याला धुऊन-पुसून दुसराच कोणीतरी करून टाकतात, ते मला आवडत नाही. म्हणून मला आठवतंय तसं लिहिते आहे. चौथीपर्यंतच शाळा झाली आहे माझी, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव रेवदंडा आणि मुरुड यांच्या मध्ये. आमच्याकडे जेटी नाही. ओहोटीला होड्या लांब पाण्यात उभ्या राहतात आणि मासळीच्या पाट्या ओल्या वाळूवरून रस्त्यापर्यंत आणाव्या लागतात. आमच्या बापाची त्यासाठी बैलगाडी होती. बाप गेला, बैल म्हातारे झाले, तेव्हा हऱ्याने पनवेलच्या एका भंगारवाल्याकडून जुनी लष्करी जीप आणली. चारही चाकं ओढणारी. वर टप नाही, मागे फळ्यांचा हौदा, रंग कुठला होता ते देवाला ठाऊक. गावाने हसून घेतलं. पण पहिल्याच मोठ्या ओहोटीला ती पाट्यांनी भरलेली जीप गुडघाभर पाण्यातून गुरगुरत वर आली आणि हसणारेच पाट्या घेऊन पुढे झाले. तेव्हापासून किनाऱ्यावर हऱ्या आणि जीप अशी दोन नावं कोणी वेगळी घेतली नाहीत. बायकांना मासळी वर आणायची असली की त्या "हरीला बोलवा" म्हणत, "गाडी बोलवा" नाही.

आणि या हऱ्याला शेवटी शेवटी एकच गोष्ट सिद्ध करायची होती. गाडी चालवताना स्टेअरिंग थरथरायचं. ती थरथर चाकातली आहे, त्याच्या हातातली नाही, एवढंच. चाकातली ठरली तर तो किनाऱ्यावर राहणार होता. हातातली ठरली तर घरात. बाकी त्याच्या आयुष्यात सांगण्यासारखं खूप असेल, पण मला विचाराल तर त्याचं सगळं मोठेपण आणि सगळा हट्ट या एका गोष्टीत आला होता.

खाऱ्या पाण्यात गाडी घालणं म्हणजे तिला रोज थोडं थोडं विष पाजणं. चाकाच्या मधोमध डबी असते, तिला हब म्हणतात. तिच्यात बेरिंग असतं, आणि बेरिंगला ग्रीस. तिथं खारं पाणी शिरलं की ग्रीस दह्यासारखं पांढरं होतं, मग बेरिंग गंजतं, झिजतं आणि चाक आपल्या जागी डुलायला लागतं. म्हणून किनाऱ्यावरून आल्यावर हऱ्या गाडी गोड्या पाण्याने धुवायचा. यावरून कुंदाची आणि त्याची भांडणं ऐकायला वाड्यातली माणसं ओटीवर येऊन बसत. "मानसांना दोन तांबे आणि गाडीला दोन पिंपं," कुंदा म्हणायची. "तिलाच लगीन करून आनायची व्हती." तो म्हणायचा, "ती भेटली तंवर तू आलेली व्हतीस."

चाकात दोष आहे की नाही हे बघायची त्याची रीत होती आणि त्या रीतीत माझं काम ठरलेलं होतं. तो पुढचं चाक जॅकवर उचलायचा, टायर वरून आणि खालून धरायचा आणि हलवायचा. चाक खटखट हललं तर त्यात प्ले आला, असं मिस्त्री लोक म्हणतात. पण हलतंय ते कशामुळे? तेवढ्यासाठी कोणीतरी आत बसून ब्रेक दाबायचा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर दोष बेरिंगचा. दाबूनही हलतच राहिलं तर दोष आतल्या किंगपिनचा, म्हणजे ज्या खिळीवर चाक वळतं तिचा. ब्रेक दाबायला मी. कुंदाचे गुडघे गेलेले, आणि माझ्या अंगात वजन आहे. तो खालून ओरडायचा, "दाब! अगं, नवऱ्याचा गळा दाबल्यागत दाब!" मी वरून म्हणायचे, "तो कवाच मेला, आता त्याचा काय दाबू?" "मग माझा समज." "तुझा समजले तर पेडल मोडल." माझा नवरा लवकर गेला. माहेरच्याच वाड्यात, भावाच्या घरापासून चार घरं सोडून माझं घर. त्यामुळे आयुष्यातला पुष्कळ वेळ मी त्या फाटक्या सीटवर बसून, पुढे अंगणातल्या नारळाच्या झाडाकडे बघत, "दाब" आणि "सोड" ऐकण्यात घालवला आहे. कंटाळा यायचा. चुलीवर काहीतरी असायचं. पण उठले नाही.

बेरिंग बसवायची मात्र गंमत होती. मोठा नट आवळायचा असतो. मला वाटायचं, आवळायचा तेवढा चांगला. हऱ्या म्हणायचा, "गच्च आवळलं की जळतं. ढिलं ठेवलं की डुलतं. आधी गच्च आवळायचं, मग केसभर सोडायचं." केसभर म्हणजे किती, ते त्याने कधी कोणाला सांगितलं नाही. हब एका हाताने फिरवायचा, दुसऱ्या हाताने पाना इतकासा मागे घ्यायचा, आणि त्याच्या चेहऱ्यावरून कळायचं की झालं. मग गाडी डांबरी रस्त्याला एक फेरी मारून आणायची, खाली उतरायचं आणि आईने पोराचा ताप बघावा तसा उलटा हात एकेका हबला लावायचा. गार असला तर बरं. भाजला तर नट पुन्हा खोलायचा.

थरथर आधी त्यानेच सांगितली. रेवदंड्याहून बर्फ घेऊन येत होता. म्हणाला, डांबरावर जरा वेग घेतला की स्टेअरिंग हातात नाचतं. वाळूवर काही नाही. आम्ही म्हटलं, असेल. मग सुरू झालं. आधी दोन्ही चाकं आपसांत बदलली, टायर वाकडा झिजला असेल म्हणून. तरी नाचतं. मग चाकांचं बॅलन्सिंग करून आणलं. तरी नाचतं. स्टेअरिंगच्या दांड्यांचे सांधे बदलले. एका वेळी एकच वस्तू बदलायची, बाकी सगळं होतं तसंच ठेवायचं, हा त्याचा नियम. नाहीतर दोष कुठं होता ते कधीच कळत नाही, असं म्हणायचा. प्रत्येक वेळी मी ब्रेकवर. प्रत्येक वेळी तो चाक हलवून बघायचा आणि म्हणायचा, "हाय. थोडा खेळ हाय." मला तर आवाज येत नव्हता. पण मला काय कळतं?

हात मी त्याआधी पाहिले होते. जेवताना डाव्या हाताचा अंगठा आपला आपण हलायचा, जसा कोणी बसल्या बसल्या जपमाळ ओढतो तसा. कुंदाला विचारलं तर म्हणाली, "झोपेत हलत न्हाय, जागेपनी हलतो. इचारलं तर वसकन अंगावर येतात." किनाऱ्यावरच्या बायकांनीही पाहिलं असणार. पूर्वी जीप पाण्याकडे उतरायला लागली की त्या जागच्या हलत नसत. हऱ्या त्यांच्या पाट्यांमधून वाट काढून न्यायचा आणि त्यांच्या पदराला कधी चाक लागलं नाही. आता जीप दिसली की बायका न बोलता चार हात बाजूला व्हायला लागल्या. पाट्याही ओढून घ्यायला लागल्या. एक दिवस मी त्याच्या शेजारी बसले होते. ते त्याने पाहिलं आणि दात खाऊन म्हणाला, "गाडी बदनाम झाली माझी."

शेवटी गाडी मुरुडला रहीम मिस्त्रीकडे नेली. रहीम आणि तो तरुणपणापासूनचे दोस्त. मी बरोबर गेले, कारण परतताना बोंबील घ्यायचे होते. रहीमने दुपारभर गाडी पाहिली. उचलून पाहिली, हलवून पाहिली, स्वतः चालवून आला. उतरून हात पुसत म्हणाला, "हरीभाऊ, अल्ला कसम, गाडीत काय न्हाय." हऱ्या म्हणाला, "तू म्हातारा झालास, तुला कळत न्हाय." रहीमने त्याच्या हातांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "चाय पी, हरीभाऊ." चहा आला. हऱ्याने कपाला हात लावला नाही. मला उगाच वाटत होतं की त्याने कप उचलावा, आणि उचलू नये असंही वाटत होतं… घरी येईपर्यंत तो रहीमला शिव्या घालत होता. मी बोंबील मांडीवर घेऊन बसले होते. थरथर होतीच. पण ती मला सीटमधून लागत नव्हती, पायाखालूनही लागत नव्हती. फक्त त्याच्या हातात आणि त्या स्टेअरिंगमध्ये होती.

त्यानंतर त्याने ठरवलं की आता रहीम नको, कोणी नको, दोन्ही पुढची चाकं स्वतः खोलायची आणि बेरिंग नवी घालायची. अंगणात पोतं अंथरून बसला. उजवं चाक आधी. जुनं बेरिंग काढलं, पुसलं, उन्हात धरून पाहिलं. ते चांगलंच निघालं. तरी त्याने नवं घातलं. ग्रीस तळहातावर घेऊन बेरिंगमध्ये दाबून भरलं. हात थरथरत होते, पण काम होत होतं. नट आवळला, केसभर सोडला, टायर चढवला. "दाब." मी दाबला. "सोड." मी सोडला. मग म्हणाला, "बाय, खाली ये. बघ, नवीन बेरिंग टाकून पन थरथरतंय."

मी खाली उतरले. गाडी बंद होती. चाक जमिनीपासून वर, जॅकवर. हऱ्याने दोन्ही हात टायरवर ठेवले होते आणि चाक खरंच थरथरत होतं. इकडून तिकडे, तिकडून इकडे, पंख्याचं पातं थांबताना करतं तसं. बेरिंग इतकं सुरेख बसलं होतं की एवढ्याशा हालचालीनेही ते जड चाक हलत होतं. मी पाहिलं आणि म्हटलं, "हऱ्या, गाडी बंद हाय. चाक कोन हलवतंय?"

त्याने हात काढले. चाक थांबलं.

असं बोलायला नको होतं, असं कुंदा नंतर म्हणाली. मला तसं वाटत नाही. कोणीतरी बोलायलाच हवं होतं. रहीम दोस्त, तो कसा बोलणार? कुंदा बायको, ती बोलली तर भांडण. पोरगा बोलला तर त्याला बापाची गाडी हवी आहे असं झालं असतं. राहिले मी. हऱ्याने ते थांबलेलं चाक एका बोटाने फिरवून पाहिलं. मग एवढंच म्हणाला, "बेरिंग झकास बसलंय." आणि पोतं उचलून डाव्या चाकापाशी गेला.

डावं चाक त्याने रागात केलं. माझ्याशी बोलला नाही. "दाब" म्हणाला, "सोड" म्हणाला, बस. मध्ये पाना हातातून पडला, तो उचलून द्यायला मी हात पुढे केला तर माझा हात झटकला. काम झाल्यावर पाय न धुताच ओटीवर जाऊन आडवा झाला. भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "नियम काय हाय? एका वेळी एकच वस्तू बदलायची. सगळं बदलून झालं. एकच वस्तू राहिली." मला आधी समजलं नाही. मग समजलं. गाडीतलं सगळं बदलून झालं होतं, चालवणारा तेवढा राहिला होता.

त्याचा मुलगा नितेश रेवदंडा-अलिबाग रिक्षा चालवतो. तिशी उलटलेला, दोन पोरांचा बाप, शांत स्वभावाचा. बापाने त्याला सकाळी बोलावलं आणि म्हणाला, "तू चालव. त्याच रस्त्यानं, त्याच वेगानं. मी बाजूला बसतो. बाय मागं बसल." मला का बसवलं, कोण जाणे. साक्षीदार लागतो म्हणून असेल. आम्ही रेवदंड्याकडे निघालो. नितेशने वेग घेतला. हऱ्या समोर रस्त्याकडे बघत नव्हता, पोराच्या हातांकडे बघत होता. मी मागून पाहिलं, नितेशचे हात घट्ट होते. फारच घट्ट. बोटांचे सांधे पांढरे झाले होते. रिक्षा चालवताना तो असं कधी धरत नाही. आणि एका बाजूने बारीक घुंघुं असा आवाज येत होता, भुंगा डब्यात सापडल्यासारखा.

खाडीच्या अलीकडे गाडी थांबवली. हऱ्याने विचारलं, "काय वाटलं?"

"काय न्हाय, बाबा," नितेश म्हणाला. "सरळ चाललीय."

"जरा पन न्हाय?"

"जरा पन न्हाय."

हऱ्या उतरला. सवयीने एकेका चाकापाशी जाऊन उलटा हात लावला. मागची दोन. मग पुढचं उजवं. मग पुढचं डावं. तिथं त्याने हात लावला आणि लगेच काढला. पुन्हा लावला, आणि आता काढेना. भाजत असणार. मी उतरले आणि त्याच्या शेजारी हात लावून पाहिला. तव्यासारखा तापला होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्याने माझं मनगट धरलं. गप्प राहा, असं. मग पोराकडे वळून म्हणाला, "बरं तर. आता तूच चालवत जा. मला न्हाय झेपत." खिशातून दुसरी चावी काढून त्याने सीटवर ठेवली. हातात दिली नाही, सीटवर ठेवली. परत येताना तो मागे माझ्याजवळ बसला. स्वतःच्या गाडीत मागे बसलेलं मी त्याला पहिल्यांदाच पाहिलं.

संध्याकाळी मी त्याच्या ओटीवर गेले. विचारायचं नव्हतं, पण मला राहवत नाही. म्हटलं, "डावा हब भाजत व्हता. म्हंजे दोष गाडीत पन व्हता."

"व्हय."

"मग तुझंच खरं झालं की! बोलला का न्हायस?"

तो हसला. हसतमुख नव्हता म्हणून सांगते, तेव्हा हसला. म्हणाला, "तो नट मीच आवळलेला, बाय. केसभर सोडला असं मला वाटलं. सोडलाच न्हाय. हाताला कळलंच न्हाय." मग म्हणाला, "गाडी थरथरत्या हातानं पन चालवता येती. किती जन चालवतात. पन हाताला केसभर कळत नसंल, तर तो हात कशावर ठेवू नये."

मी म्हटलं, "आणि पोरगा खोटं बोलला, ते?"

"बोलला. गाडीबद्दल माझ्याशी तो कवा खोटं बोलला न्हाय. म्हंजे बघ, माझ्या हाताला किती भ्यायला असंल."

एवढंच. त्या दिवशी त्याने एका हबला हात लावून दोन गोष्टी ओळखल्या आणि दोन्ही पोरापासून लपवून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी नितेश गाडी रहीमकडे घेऊन गेला. घरी म्हणाला, ऑइल बदलायला. हऱ्या म्हणाला, बरं. रहीमने नट ढिला करून दिला असणार, कारण आवाज बंद झाला. घरातल्या प्रत्येकाला काही ना काही ठाऊक होतं आणि कोणी कोणाला काही सांगितलं नाही.

पुढचं लिहायचा मला कंटाळा आहे, पण ते वगळलं तर मीही त्या फोटोवाल्यांसारखीच. अलिबागच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी काही दिवस बरं वाटलं. मग पाय अडखळायला लागले. उंबऱ्यापाशी आला की जमिनीला चिकटल्यासारखा उभा राही आणि कुंदा मागून म्हणे, "चला, ओहोटी लागली," तेव्हा एक पाऊल उचली. मग आवाज बारीक झाला. मग घास गिळेना. दुपारी कुंदाला जरा डोळा लागावा म्हणून मी जायचे आणि त्याला पेज भरवायचे. एक वाटी पेज जायला दुपार सरायची. तो थकायचा, मी थकायचे, माशा मात्र थकत नसत. लोक विचारायचे, काय बोलता तुम्ही दोघं? काही बोलत नव्हतो. बाहेरून जीप गेली की तो गिळायचा थांबायचा, कान देऊन ऐकायचा, आणि आवाज लांब गेला की पुन्हा तोंड उघडायचा. त्यावरून मला कळायचं की गाडी आज ठीक आहे. रडायला मला कधी आलं नाही. तो गेला तेव्हाही नाही. पेज भरवायची वेळ झाली की आपण उठतो आणि मग आठवतं, तेवढं मात्र होतं.

आता दीड महिना झाला. मासेमारी बंद व्हायच्या आधी हब धुऊन ग्रीस भरायचं असतं, तर परवा नितेशने गाडी अंगणात घेतली. मला हाक मारली, "आत्या, येतेस काय?" मी गेले आणि वर चढून बसले. तो रहीमकडे का नेत नाही असं मी विचारलं नाही. रहीमला आता दिसत नाही नीट, आणि बाकीचे मिस्त्री खाऱ्या पाण्यातली गाडी घेत नाहीत. डावं चाक त्याने खोललं, धुतलं, ग्रीस भरलं, नट आवळला. मग थांबला. पाना नटावर तसाच ठेवून खालून म्हणाला, "आत्या, बाबा केसभर सोडायचे. केसभर म्हंजे किती?"

"मला काय ठावं? मी ब्रेक दाबायचे."

त्याने नटाच्या कडेचं ग्रीस बोटाने निरपलं. मग म्हणाला, "त्या दिवशी गाडी डावीकडं खेचत व्हती. आवाज पन येत व्हता. मी काय न्हाय म्हनालो. बाबांना वाटलं, दोष त्यांच्या हातातच हाय. मी त्यांची गाडी खोटं बोलून काढून घेतली."

मी म्हटलं, "त्याला तेव्हाच कळलं व्हतं. हब भाजत व्हता. त्यानं हात लावला, मी पन लावला."

नितेश उठून उभा राहिला. हाताला ग्रीस, डोळे पुसायला हात नाहीत. "मग मला बोलले का न्हायत? शिव्या का न्हाय घातल्या?"

मी म्हटलं, "तुझं बरोबर व्हतं म्हनून. आणि तो दमला व्हता."

पोराने मान हलवली. खाली बसला, हब एका हाताने फिरवला, पाना जरासा मागे घेतला, पुन्हा पुढे, पुन्हा जरासा मागे. माझ्याकडे पाहिलं. मी नारळाकडे पाहिलं. मग टायर चढवून आम्ही रेवदंड्याच्या रस्त्याला फेरी मारून आलो. आवाज नव्हता. उतरलो आणि दोघांनी डाव्या हबला उलटा हात लावला. गार नव्हता. भाजतही नव्हता. कोमट होता. नितेश म्हणाला, "कोमट चालतो काय, आत्या?" आणि आम्ही दोघं हात तसाच ठेवून उभे राहिलो, कारण ते सांगणारा कोणी नव्हता.